चाळणीतला शब्द

विधीच्या दिवशी सकाळी हेरियाने नेहमीपेक्षा जास्त कणीक मळली, तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि परात चुलीच्या उबेला सरकवून ठेवली.

"संध्याकाळी परत येईपर्यंत बरोबर फुगेल," ती म्हणाली. "तुमच्या बंधूंना सांगा यंदा जरा पाय उचला म्हणून. गेल्या साली परातीतून उतू गेली होती."

"पाय उचलून कसं चालेल? शब्दाला शब्द लागला पाहिजे."

"तर तर. दगडावर बसून कंबर माझी धरते, शब्दांची नाही."

वोसिन हसला. चौतीस वर्षं दरवर्षी या दिवशी थोड्याफार फरकाने हेच बोलणं होत आलं होतं, आणि हे झाल्याशिवाय त्याला घराबाहेर पडवत नसे.

रोमच्या उत्तरेकडच्या डोंगरांतलं इगुवियम शहर वर्षातून एकदा शुद्ध करून घेतलं जाई. अतियेदी बंधूंचं बारा जणांचं मंडळ त्रेबुलान वेशीपासून निघे. पुढे मुख्य पुरोहित, त्याच्या हातात निखाऱ्यांची शेगडी, मागे डुकरं आणि मेंढरं, शेवटी बासरीवाला. शहराच्या हद्दीवर आलं की पुरोहित तीनदा पुकारा करी: तादिनमच्या गावाचं, तादिनमच्या कुळाचं जे कुणी इथे असेल, त्याने या लोकांतून बाहेर जावं. तादिनम काही लांब नव्हतं, डोंगराच्या कडेकडेने चार-पाच तासांची वाट. कोणे एके काळी दोन्ही गावांची हाडवैरं असतील. आता मुली दिल्याघेतल्या जात होत्या. हेरिया तिथलीच. पुकारा झाला की शहरातली तादिनमची चाळीस-पन्नास माणसं निमूट वेशीबाहेर जात, ओकच्या झाडांखाली बसत, बरोबर आणलेलं खात, आणि दिवस मावळताना दार उघडलं की परत आपापल्या घरी येत. वेशीवरचा म्हातारा सेर्वो त्याला ‘बाहेरच्यांची जत्रा’ म्हणे, आणि जत्रेतल्या वाइनीचा एक घोट आपल्यासाठी राखून ठेवायला सांगे. यापेक्षा वेगळं काही झाल्याचं जिवंत असलेल्या कुणालाच आठवत नव्हतं.

हेरियाने टोपलीत चीज, उकडलेल्या शेंगा आणि लोकरीचं विणकाम घेतलं. वोसिनने कपाटातून पाटी काढली.

तो विधीतला ‘सांगणारा’ होता. मुख्य पुरोहित देवांशी बोलतो. सांगणारा त्याच्या डाव्या खांद्यामागे पाटी घेऊन उभा राहतो आणि प्रत्येक वाक्य आधी हलक्या आवाजात सांगतो. पुरोहिताने एखादा शब्द गाळला किंवा पदरचा घातला, तर सांगणाऱ्याने ‘चुकलं’ म्हणायचं. त्याने तसं म्हटलं की तोवर झालेलं सगळं वाया. शेगडी विझवायची, आणि पहाटे पक्षी कुठून उडतात ते पाहण्यापासून पुन्हा सुरुवात.

सांगणारा म्हणून एकोणतीस वर्षांत वोसिनने एकदाच ‘चुकलं’ म्हटलं होतं. तेव्हा मुख्य पुरोहित म्हणजे नेरिसचे वडील, सगळं शहर ज्यांना चळचळा कापे असा माणूस. त्यांच्याकडून एका देवाचं नाव दोनदा घ्यायचं ते एकदाच घेतलं गेलं. तरी वोसिनच्या तोंडून ‘चुकलं’ बाहेर पडलं. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि स्वतःच्या हाताने निखाऱ्यांवर पाणी ओतलं. विधी तिसऱ्या दिवशी पुरा झाला. पण निखारे विझवले त्याच रात्री तरुण नेरिस नेहमीसारखा घरी आला, हेरियाच्या हातचा पाव खाल्ला आणि म्हणाला, "आज शहरात देवाला भिणारा एकच माणूस होता, आणि तो तू." हे वाक्य वोसिनने जपून ठेवलं होतं. आपण कुणीच नाही असं वाटे तेव्हा तो ते मनातल्या मनात काढून बघे, आणि नेरिस नुसता तोंडदेखलं बोलला असेल असंही त्याला लगेच वाटे.

आता नेरिस स्वतः मुख्य पुरोहित होता.

वोसिनचं दुसरं काम म्हणजे मंडळाच्या जुन्या ताम्रपाट्या नव्या लिपीत उतरवून घेणं. जुन्या पाट्या उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या होत्या, आणि त्या वाचू शकणारा तोच एक उरला होता. त्यांत एक शब्द पुनःपुन्हा येई: पीहोस. विधी नीट झाला की डोंगर पीहोस, शहर पीहोस, लोक पीहोस. शुद्ध. देवाचं भय धरून वागणाऱ्या माणसालाही हाच शब्द. रोमहून येणारे व्यापारी आईबापांना न विसरणाऱ्या मुलाला जवळजवळ याच शब्दाने नावाजत; दक्षिणेकडचे मेंढपाळ तो देवांच्या नावापुढे लावत. एकच शब्द तीन दारी तीन कपडे घालून उभा. मग तो मुळात कुणाच्या घरचा? हा प्रश्न वोसिनला सहा वर्षं छळत होता. मेणाच्या फळ्यांवर तो टिपणं करी, पुसे, पुन्हा करी.

उत्तर त्याला घरातच मिळालं. गेल्या हिवाळ्यात हेरिया खपली गव्हाचं पीठ चाळत होती, आणि चाळणीच्या कडेवर थाप मारून आपल्याशीच म्हणाली, "झालं बाई पीहोस."

वोसिनच्या हातातली फळी खाली पडली. "काय म्हणालीस?"

"काय म्हणाले? पीठ चाळून झालं."

"तो शब्द कुठला?"

"आईचा. आमच्याकडच्या बायका तसंच म्हणतात. इथे म्हटलं तर तुमच्या चुलत्या हसायच्या, म्हणून सोडून दिलं. आज तोंडातून गेलं."

त्याने तिला दिवसभर प्रश्न विचारून भंडावून सोडलं. आई धान्य पाखडताना तो म्हणे की चाळताना? लोकर धुताना? ताक गाळताना? हेरियाने अखेर त्याच्या हातात चाळण दिली. "एवढं आहे तर तुम्हीच चाळा. हात चालू ठेवून विचारा काय ते."

संध्याकाळपर्यंत त्याची खात्री झाली. देव, डोंगर आणि शहर फार नंतर आले. आधी कुणीतरी बाई चाळण धरून बसली होती, आणि स्वच्छ पिठाला तिने हे नाव दिलं होतं. त्याला इतका आनंद झाला की तो अंगणात जाऊन नुसताच उभा राहिला.

नेरिसला त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. नेरिसने पूर्ण ऐकून घेतलं. तसं फार थोडे लोक ऐकत.

"हे मंडळाच्या जेवणात सांग," नेरिस म्हणाला.

"छे. माझ्याने कसं होणार? मला बोलता येत नाही."

"मी शेजारी बसतो. अडलास की मी विचारीन. दरवेळी तू मला सांगतोस, एकदा मी तुला."

वसंतातल्या त्या जेवणाला अकरा बंधू आणि नेरिस बसले होते. लागोपाठ दोन वर्षं गारांनी उभं पीक झोपवलं होतं, तादिनमच्या लोकांशी वरच्या कुरणावरून डोकी फुटली होती, आणि कुणाचंच जेवणाकडे लक्ष नव्हतं. वोसिन अडखळत बोलू लागला. पण चाळणीपाशी आल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या. मग नेरिसने विचारलं, "म्हणजे शुद्ध करणं हे मुळात पाण्याने धुणं नव्हे? निवडून काढणं?"

"हो. वेगळं करणं."

"आणि चाळून जे वेगळं काढलं, ते नंतर परत आत घेतात का?"

वोसिनला त्या क्षणी कुठून सुचलं कोण जाणे. "कोंडा परत पिठात कोण घालेल?" तो म्हणाला.

सगळे हसले. जाड्या कास्त्रू तर टेबलावर हात आपटून हसला. वोसिनला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्या बोलण्यावर माणसं हसली की छातीत कसं ऊन पडतं. त्या उन्हातच तो घरी आला.

हेरिया जागी होती. त्याने तिला सगळं सांगितलं, ते वाक्यही.

"आईचं नाव सांगितलंत?" तिने विचारलं.

"ते... ओघात राहून गेलं. बायकांकडून कळलं म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं."

"बरं. आणि कोंडा वर राहतो, पीठ खाली पडतं, हे सांगितलंत?"

"ते कशाला?"

"चाळणीतून बाहेर जातं ते पीठ. आत राहतो तो कोंडा. सहा वर्षं अभ्यास करून एवढं तरी बघायचं." ती कुशीवर वळली. "झोपा आता."

तो झोपला नाही. आपण घाईत अर्धंच सांगितलं, एवढी टोचणी त्याला लागली. पुढल्या भेटीत त्याने नेरिसकडे चाचरत विषय काढला: कास्त्रूसारखी मंडळी तादिनमच्या लोकांबद्दल बरंवाईट बोलतात, त्यांनी त्या शब्दाचं भलतंच काही करू नये, शिवाय घरी हेरिया...

"हेरिया माझी वहिनी आहे," नेरिसने त्याचा दंड धरला. "तिच्या हातचं खाऊन मी वाढलो. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. घरच्या चुलीची शपथ घेऊ का?"

"नको नको," वोसिन ओशाळून म्हणाला. आपणच शपथ मागितल्यासारखं त्याला वाटलं.

आणि आज तो त्रेबुलान वेशीवर नेरिसच्या डाव्या खांद्यामागे उभा होता. पक्षी शुभ दिशेने उडाले होते. निखारे चांगले धगधगत होते. मंडळी अर्धवर्तुळात गप्प उभी, कारण पुरोहित बोलत असताना कुणी शिंकायचंसुद्धा नसतं. आणि चुकून एखादा आवाज झालाच तर तो देवांच्या कानी जाऊ नये म्हणून बासरी वाजत होती.

वोसिनने पहिला पुकारा सांगितला, नेरिसने म्हटला. दारातून तादिनमची माणसं बाहेर जाऊ लागली. एक सासू सुनेला म्हणत होती, "मीठ घेतलंस का? मागल्या वर्षी मिठावाचून खाल्लं." हेरिया टोपली कडेवर घेऊन गेली. जाताना तिने त्याच्याकडे पाहून भुवया वर केल्या: लवकर आटपा.

दुसरा पुकारा झाला.

तिसरा वोसिनने सांगितला, नेरिसने तो शब्दशः म्हटला, आणि श्वास घेऊन पुढे म्हणाला, "आणि चाळून बाहेर पडले ते परत आत न येवोत. आज नाही आणि पुढेही नाही."

पाटीवर हे नव्हतं. वोसिनने खाली पाहिलं, जणू आपल्याच डोळ्यांची चूक असावी. आपण एखादी ओळ उतरवायची विसरलो का? हा प्रश्नही त्याच्या मनात येऊन गेला. असे प्रश्न त्याला सवयीने येत. मग त्याला ‘चाळून’ हा शब्द ऐकू आला, दुसऱ्यांदा, स्वतःच्या आवाजात.

"चुकलं," तो म्हणाला.

बासरीवाल्याची बोटं भोकांवरून उचलली गेली. नेरिसने मागे न वळता दोन बोटं हलवली, आणि बासरी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्याने.

"चुकलं," वोसिन म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटावा इतका मोठा आला. दारावरच्या सेर्वोने चमकून पाहिलं. अकरा बंधू जमिनीकडे बघत होते. कास्त्रू पायातल्या वहाणेचा बंद नीट करत होता.

नेरिस वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आजारी माणसाशी बोलावं तसं तो हळूच म्हणाला, "पुढचं सांग."

वोसिनने सांगितलं नाही. नेरिसने थोडा वेळ वाट पाहिली, मग पुढे वळला आणि उरलेला सगळा मंत्र, देवांची सगळी नावं, दोनदा घ्यायची ती दोनदा घेऊन, एकदाही न अडखळता म्हणून टाकला. त्याला सगळं पाठ होतं. किती वर्षांपासून पाठ होतं कोण जाणे. वोसिन पाटी छातीशी धरून ऐकत राहिला. मग दार लागलं, अडसर पडला, आणि दवंडीवाला भिंतीवर चढून बाहेरच्यांना समजावून सांगू लागला की पूर्वजांच्या शब्दाचा खरा अर्थ मंडळाचे विद्वान वोसिन यांनी शोधून काढला आहे, आणि त्यांचंच वचन आहे की कोंडा परत पिठात कोण घालेल.

दुपारी बळीच्या मांसाचं वाटप संपल्यावर नेरिस मंडळाच्या घरात हात धूत होता. वोसिन दारात उभा राहिला.

"मी चुकलं म्हणालो," तो म्हणाला.

"बासरी चालू होती, वोसिन."

"तू ऐकलंस."

"अकरा जणांना विचार. कुणीच काही ऐकलेलं नाही."

"तुझ्या वडिलांनी निखारे विझवले होते."

नेरिसने हात पुसले. तेवढ्यापुरता तो थकलेला दिसला. "त्यांच्या वेळी गारा पडत नव्हत्या. रस्त्याने जाताना लोक माझ्याकडे कसे बघतात ते तुला काय माहीत. तू खाली बघून चालतोस. मला काहीतरी बाहेर टाकायलाच हवं होतं."

"हेरियाला?"

"एकीला ठेवलं असतं तर एकोणपन्नास जणांनी माझं दार धरलं असतं. अरे, ती तिच्या गावी चाललीय. तिच्या केसाला धक्का लागणार नाही म्हणालो होतो, लागला का?" मग तो म्हणाला, "आणि शब्द तर तूच दिलास. मी पाठ केलेलं म्हणणारा माणूस. अर्थ सगळा तुझा."

"अर्धा," वोसिन म्हणाला. "अर्धा हेरियाच्या आईचा. मी तुम्हाला तो नीट सांगितलाच नाही."

"आता कुणाला सांगतोस?" नेरिस म्हणाला. ते कुत्सितपणे म्हटलं नव्हतं, खरोखरच विचारलं होतं. वोसिनने पाटी टेबलावर ठेवली. ती सरळ ठेवली आहे ना, हे त्याने जाताना वळून पाहिलं.

वेशीवर सेर्वो अडसराला पाठ लावून बसला होता.

"उघड," वोसिन म्हणाला.

"आत घ्यायला उघडायचं नाही असा हुकूम आहे."

"मला बाहेर जायचंय."

सेर्वोने डोकं खाजवलं. "बाहेर जायला मनाई नाही. पण गुरुजी, परत आलात तर मी तुम्हाला घ्यायचं की नाही, ते मला विचारावं लागेल." तो अडसर ओढू लागला, आणि दाराकडे तोंड करूनच पुटपुटला, "मी ऐकलं होतं हो. दोन्ही वेळा. पण मला कोण विचारतंय?"

ओकच्या झाडांखाली आता फारसं कुणी उरलं नव्हतं. काही जण तासभर दार वाजवून, शिव्या देऊन, पोरांना खांद्यावर घेऊन वाटेला लागले होते. शेंगांची टरफलं पडली होती. हेरिया नेहमीच्या दगडावर बसून विणत होती. त्याची चाहूल लागली तरी तिने ओळ पुरी केली, मगच मान वर केली.

"ऐकू आलं इथपर्यंत," ती म्हणाली. "तुमचं नाव घेतलं त्यांनी. आईचं नाही."

"मी चुकलं म्हणालो. दोनदा."

"बरं."

"नेरिसने शपथ..." असं म्हणता म्हणता तो थांबला. शपथ नेरिसने घेतलीच नव्हती. वोसिननेच त्याला घेऊ दिली नव्हती.

"नेरिस परका माणूस," हेरिया म्हणाली. "त्याचं मला काही वाटलं नाही असं नाही, पण तो परका. माझ्या चुलीपाशी बसून माझ्या आईचा शब्द उचलून तुम्ही तिकडे नेऊन दिलात, आणि वर हसवलंत. तेव्हाच मला बरं वाटलं नव्हतं. मी झोपा म्हणाले."

तो उभा राहिला. बसायला दुसरा दगड होता, पण त्याला बसवेना. तिने विणकाम गुंडाळलं, सुया त्यात खोचल्या, टोपलीत ठेवलं.

"कणकेवरचं फडकं काढलंत का?" तिने विचारलं.

"मी घरी गेलोच नाही."

"मग गेली असेल उतू. पार चुलीत उतरली असेल." तिने लागलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. "चांगली खपली होती. दोनदा चाळलेली."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तादिनमच्या वाटेला लागली. त्याला या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. वोसिन तिच्या मागून निघाला. बराच वेळ चालल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्या डाव्या खांद्यामागे, एक पाऊल अंतर ठेवून चाललो आहोत. तिला सांगायला मात्र त्याच्या हातात पाटी नव्हती.